पेशीच्या पदरातले निरोप

तेल, तूप, लोणी, चरबी हे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? फोडणी येते, देवापुढचे निरांजन येते, तालमीतले पैलवान येतात, आणि पन्नाशी उलटली असेल तर डॉक्टरांनी घातलेले पथ्यही येते. शाळेत आपण मुलांना शिकवतो की स्निग्ध पदार्थ हे शरीराचे राखीव इंधन आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९. कणगीत धान्य भरून ठेवावे तशी शरीर चरबी साठवून ठेवते, आणि ती घोंगडीसारखी अंगाला ऊबही देते.

हे सगळे खरेच आहे. पण या स्निग्ध पदार्थांचे आणखी एक काम आहे, आणि ते पुष्कळांना ठाऊक नसते. ते काम म्हणजे निरोप पोचवणे. पेशीच्या बाहेरची बातमी आत नेणे आणि एका पेशीची हाक शेजारच्या पेशीला ऐकवणे, ही कामे स्निग्ध पदार्थांचे रेणू करीत असतात. तुम्ही म्हणाल, "असेल बुवा! पण आमचं त्यात काय अडलंय?" अडले आहे ते असे, की डोके दुखले म्हणजे आपण जी गोळी घेतो, गुडघा सुजला म्हणजे जे इंजेक्शन मागतो, आणि गोठ्यातले जनावर लंगडले म्हणजे त्याला जे टोचतो, त्यांतली बहुतेक औषधे हाच निरोप अडवून काम करतात. कोणता निरोप आपण अडवतो आहोत हे समजले, तर गोळी केव्हा घ्यावी आणि केव्हा घेऊ नये हेही नीट समजेल.

प्रथम निरोप कोठे ठेवलेला असतो ते पाहू. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, आणि प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय तलम पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. हा पडदा मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा असतो. या रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या असतात असे समजा. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना पाण्याचे वावडे. आता पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी. मग या रेणूंनी उभे कसे राहायचे? ते दोन रांगा करतात. एका रांगेची डोकी बाहेरच्या पाण्याकडे, दुसरीची आतल्या पाण्याकडे, आणि सगळ्या शेपट्या मध्ये, एकमेकींकडे तोंड करून. असा हा दुपदरी पडदा तयार होतो.

१९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींतला स्निग्ध अंश काढून पाण्यावर एकेरी थरात पसरला. त्यांना असे दिसले की त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरते. यावरून पडदा दोन पदरी असला पाहिजे हे त्यांनी ताडले. या पडद्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर आहे. म्हणजे असे दोन लाख पडदे एकावर एक रचावे, तेव्हा कोठे एक मिलिमीटर जाडी व्हायची.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. दोन बाटल्यांत पाणी आणि थोडे गोडेतेल घ्या. एकीत काही घालू नका, दुसरीत अंड्याचा थोडा बलक घाला, आणि दोन्ही खूप हलवा. पहिलीतले तेल थोड्याच वेळात वर येऊन तरंगेल. दुसरीतले तेल मात्र बराच वेळ पाण्यात मिसळून राहील. बलकात लेसिथिन नावाचे फॉस्फोलिपिड असते. ते एका बाजूने पाण्याला धरते आणि दुसऱ्या बाजूने तेलाला. ज्या शाळेत अंडे चालत नसेल तेथे साबणाचा चुरा घ्यावा. साबणाचा रेणूही असाच असतो, फक्त त्याला शेपटी एकच.

आता हा दुपदरी पडदा म्हणजे नुसते कुंपण नव्हे. जुन्या बायका पदराच्या गाठीला पैसे बांधून ठेवीत आणि वेळ आली की गाठ सोडीत. पेशीनेही आपल्या पदरात निरोप बांधून ठेवलेले असतात. वेळ आली की ती एखादा रेणू कातरते, आणि त्याचा तुकडा हाच निरोप होतो.

पेशीच्या आत जाणाऱ्या निरोपाचे एक उदाहरण घेऊ. चिंच! पहा, नुसता शब्द वाचला तरी तोंडाला पाणी सुटले ना? यात काय घडले? मेंदूकडून मज्जातंतूंवाटे लाळग्रंथीकडे वर्दी गेली. तंतूच्या टोकाशी असिटिलकोलीन नावाचे द्रव्य पाझरले आणि ते लाळग्रंथीच्या पेशीला बाहेरून येऊन टेकले. ते आत जात नाही. दारावरची घंटा वाजवावी तसे ते बाहेरूनच एका प्रथिनाला हलवते. त्याबरोबर पटलाच्या आतल्या बाजूला एक विकर जागे होते. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामे घडवून आणणारे प्रथिन. हे विकर कात्रीसारखे आहे. ते आतल्या पदरातल्या एका खास फॉस्फोलिपिडचे डोके छाटते. डोक्याला पाणी प्रिय, म्हणून ते सुटून पेशीच्या आतल्या पाण्यात शिरते आणि आतल्या कॅल्शियमच्या कोठाराचे दार उघडते. कॅल्शियम बाहेर पडले की लाळ वाहू लागते. शेपट्यांचा उरलेला भाग पदरातच राहतो, पण तोही रिकामा बसत नाही. तो तिथल्या तिथे दुसऱ्या एका प्रथिनाला कामाला लावतो. एक रेणू कापला आणि दोन निरोप निघाले.

हे कोडे उलगडायला तीस वर्षे लागली. १९५३ साली मेबल आणि लोएल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडावर प्रयोग करताना पाहिले की ग्रंथीला चेतवले की तिच्या पेशींतल्या फॉस्फोलिपिडांत फार वेगाने उलाढाल होते. ती कशासाठी, हे तेव्हा कोणाला सांगता येईना. पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिजला मायकेल बेरिज यांनी एका जातीच्या माशीच्या लाळग्रंथींवर वर्षानुवर्षे काम केले. अखेर १९८३ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की छाटलेले हे डोकेच कॅल्शियमला बाहेर काढते. माशीच्या लाळेवरचे काम माणसाच्या शरीराचे कुलूप उघडायला उपयोगी पडले.

हा झाला पेशीच्या आतला निरोप. आता एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा निरोप पाहू, आणि त्यासाठी आधी शेतात जाऊ. टोमॅटोच्या पानाला अळी लागली, तिने पान कुरतडले. पान पळून जाऊ शकत नाही, पण ते स्वस्थही बसत नाही. कुरतडलेल्या जागी पेशींच्या पटलांतून लिनोलेनिक आम्ल नावाचे एक मेदाम्ल सुटे होते. मेदाम्ल म्हणजे फॉस्फोलिपिडची ती शेपटी. तिच्यापासून वनस्पती जास्मोनिक आम्ल तयार करते. हा निरोप मिळाला की पाने अशी प्रथिने बनवू लागतात, की ती खाल्ल्यावर किड्याचे पचन बिघडते. जास्मोनिक हे नाव इंग्रजीतल्या जॅस्मिनवरून, म्हणजे चमेलीवरून पडले, कारण याच कुळातले एक द्रव्य चमेलीच्या सुगंधी तेलात १९६२ साली सापडले. ते हवेत उडणारे आहे. १९९० मध्ये अमेरिकेत फार्मर आणि रायन यांनी हे द्रव्य सोडणारे एक रानझुडूप आणि टोमॅटोची रोपे एकाच बंद पेटीत ठेवली. टोमॅटोला कोणी कुरतडले नव्हते. तरीही त्याच्या पानांत किडीविरुद्धची प्रथिने तयार झाली. निरोप हवेतून गेला होता.

आता आपल्या शरीराकडे वळू. या कथेची सुरुवात १९३० साली न्यूयॉर्कमध्ये झाली. कुर्झरॉक आणि लीब या डॉक्टरांना आढळले की पुरुषाच्या वीर्यात असे काही द्रव्य आहे, की त्याने गर्भाशयाच्या स्नायूची पट्टी कधी आकुंचन पावते तर कधी सैलावते. स्वीडनमधले फॉन ऑयलर यांनी १९३५ मध्ये या द्रव्याला प्रोस्टाग्लँडिन असे नाव दिले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावे असा समज होता. पुढे कळले की वीर्यात ते मुख्यतः दुसऱ्याच ग्रंथीतून येते, आणि शरीरातल्या बहुतेक सर्व जातींच्या पेशींना ते बनवता येते. पण एकदा पडलेले नाव ते पडलेच!

स्वीडनमधलेच सूने बेर्गस्ट्रोम यांनी मेंढ्यांच्या ग्रंथी जमा करून त्यांतून हे द्रव्य शुद्ध करण्याचे काम चिकाटीने चालवले. १९५७ साली त्याचे स्फटिक मिळाले, १९६२ पर्यंत त्याची रचना उलगडली, आणि १९६४ मध्ये असे सिद्ध झाले की ते ॲराकिडोनिक आम्ल नावाच्या मेदाम्लापासून बनते. म्हणजे हाही निरोप पटलाच्या पदरातूनच निघतो.

तो कसा निघतो ते पहा. पायात काटा मोडला. तिथल्या पेशी दुखावल्या. लगेच फॉस्फोलिपेज नावाचे कातरणारे विकर कामाला लागते आणि पटलातल्या रेणूची एक शेपटी कापून सुटी करते. ही शेपटी म्हणजेच २० कार्बन अणूंची साखळी असलेले ॲराकिडोनिक आम्ल. मग सायक्लोऑक्सिजनेज नावाचे दुसरे विकर या साखळीला प्राणवायू जोडते आणि तिला मध्येच वळवून कडे करते. त्यापासून निरनिराळ्या जातींची प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. ती त्या जागच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ती जागा लाल आणि गरम होते. ती दुखण्याची जाणीव नेणाऱ्या तंतूंना हळवे करतात, म्हणून साधा स्पर्शही सोसत नाही. जाता जाता सांगतो, नागाच्या आणि घोणसाच्या विषातही याच फॉस्फोलिपेजच्या कुळातली विकरे असतात. जी कात्री आपले शरीर जपून वापरते, तीच साप आपल्या अंगात बेछूट सोडून देतो.

या निरोपाचे तीन गुण ध्यानात ठेवा. पहिला, तो साठवून ठेवलेला नसतो. कच्चा माल पदरात असतो, पण निरोप ऐन वेळी तयार होतो. दुसरा, तो जवळच्या जवळ काम करतो. इन्शुलिनसारखे संप्रेरक टपालासारखे रक्तावाटे दूरदूर जाते. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे कुंपणावरून शेजाऱ्याला मारलेली हाक. तिसरा, तो फार अल्पायुषी असतो. रक्तात शिरलेच, तर फुप्फुसांतून एकदा फेरी होताच त्यातले बहुतेक निकामी होते.

कच्चा माल येतो कोठून? आपल्या ताटातून. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्ण काढून टाकलेला आहार देऊन पाहिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली. काही मेदाम्ले शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात, हे त्यातून कळले. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल यांच्या तेलात लिनोलिक आम्ल असते, आणि त्यापासून शरीर ॲराकिडोनिक आम्ल तयार करते. त्याच्याच जोडीचे लिनोलेनिक आम्ल जवसात भरपूर असते. तेव्हा अतितेल वाईट हे खरे, पण तेल अजिबात वर्ज्य करणे हेही शहाणपणाचे नाही. याच ॲराकिडोनिक आम्लापासून मेंदू आणखी एक निरोप्या बनवतो. १९९२ मध्ये तो जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत सापडला, आणि त्यांनी आपल्या संस्कृतातला "आनंद" शब्द घेऊन त्याचे नाव आनंदामाइड ठेवले!

आता गोळीकडे येऊ. विलो झाडाची साल हिवतापावर गुण देते असे एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने १७६३ मध्ये कळवले होते. आपल्या ओढ्याकाठची वाळुंज याच झाडाच्या कुळातली. सालीतल्या द्रव्याच्या धर्तीवर बनवलेले ॲस्पिरिन १८९९ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने बाजारात आणले. लोक ते पुढे सत्तरहून अधिक वर्षे घेत राहिले, पण ते शरीरात करते काय हे नक्की कोणाला ठाऊक नव्हते. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. ते त्या वळवणाऱ्या विकराला, सायक्लोऑक्सिजनेजला, अडवते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधेही याच विकराला अडवतात. या शोधांबद्दल बेर्गस्ट्रोम, त्यांचे शिष्य सामुएल्सन आणि व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे खरी गोम आहे. गोळीला दुखरा गुडघा कोणता हे कळत नाही. ती रक्तावाटे सगळीकडे जाते आणि सगळीकडचेच निरोप अडवते. आणि प्रोस्टाग्लँडिन म्हणजे काही नुसते दुखण्याचे द्रव्य नव्हे. जठरात ते अस्तरावर बुळबुळीत थर धरायला लावते, म्हणून जठरातले तीव्र आम्ल जठरालाच खात नाही. हा निरोप बंद पडला की अस्तर उघडे पडते, व्रण होतो, कधी रक्तस्राव होतो. पुष्कळांचा समज असतो की जेवणावर गोळी घेतली म्हणजे पोटाचे भय उरले नाही. जेवणावर घेतल्याने पोटातली जळजळ कमी होईल, पण गोळी रक्तात मिसळल्यावर आतून निरोप अडवणारच. तेव्हा "जेवून घेतली" म्हणून रोज रोज घेत राहणे सुरक्षित ठरत नाही. शौच डांबरासारखी काळी होऊ लागली, तर तो रक्तस्राव असू शकतो. वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

दुसरी जागा मूत्रपिंडांची. उन्हात दिवसभर राबून घाम गेला, पाणी पोटात नाही, जुलाब झाले, अशा वेळी शरीरातले पाणी घटते आणि मूत्रपिंडाकडचा रक्ताचा ओघ आटू लागतो. तेव्हा प्रोस्टाग्लँडिनच तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. कापणीच्या, उसाच्या तोडीच्या दिवसांत अंग मोडून येते आणि माणूस गोळी घेऊन पुन्हा उन्हात उभा राहतो. पाण्याने सुकलेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. आधी पाणी आणि सावली, मग विसावा, आणि तरीही गरज लागली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध, असा क्रम ठेवावा.

तिसरी जागा रक्ताची. रक्तबिंबिका, म्हणजे ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो त्या, याच कच्च्या मालापासून थ्रॉम्बोक्झेन नावाचा निरोप काढतात आणि एकमेकींना चिकटून जखमेचे तोंड बुजवतात. ॲस्पिरिन हा निरोप बंद करते. रक्तबिंबिकेला केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवे विकर घडवता येत नाही. तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यात ती मुकीच राहते. म्हणून हृदयविकाराच्या रोग्याला अगदी थोड्या मात्रेतले ॲस्पिरिन रोज देतात, गुठळी होऊ नये म्हणून. ते मनाने सुरू करू नये, आणि डॉक्टरांनी दिले असेल तर मनाने बंदही करू नये. उलट, डेंगीचा संशय असेल तेव्हा ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये, कारण त्या आजारात आधीच रक्तस्रावाचे भय असते. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्यावे. लहान मुलांच्या तापावर ॲस्पिरिन देऊच नये.

चौथी गोष्ट आयाबहिणींची. बाळंतपणात गर्भाशयाचे तोंड मऊ होणे आणि कळा येणे यांत प्रोस्टाग्लँडिनचा हात असतो. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहावी लागते, तीही याच निरोपाने उघडी राहते. म्हणून गरोदर बाईने, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, दुखण्याची गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

आता गोठ्यात जाऊ. गाय माजावर यावी म्हणून पशुवैद्य एक इंजेक्शन देतात. ते पुष्कळदा प्रोस्टाग्लँडिनचेच असते, एफ-दोन-अल्फा जातीचे. निसर्गतः गाय गाभण राहिली नाही की तिचे गर्भाशय हाच निरोप अंडाशयाला पाठवते, आणि माजाचे चक्र पुन्हा सुरू होते. औषध तेच काम हुकमी करून दाखवते. पण हेच इंजेक्शन गाभण जनावराला दिले तर गर्भ पडण्याचा धोका असतो. म्हणून आधी तपासणी, मग इंजेक्शन. हे औषध कातडीतूनही आत शिरते. गरोदर स्त्रीने आणि दम्याच्या रोग्याने त्याच्या बाटलीला, सुईला हातही लावू नये.

आणि शेवटी एका पक्ष्याची गोष्ट. पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत आणि थोड्याच वेळात हाडे तेवढी उरत. मग ती दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातले एक उरले. मुंबईच्या पारशी समाजाच्या दोख्म्यांवरचीही गिधाडे नाहीशी झाली. मेलेली गिधाडे तपासली तेव्हा त्यांच्या काळजावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर दिसे. पक्ष्याच्या शरीरातली घाण युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडते, आणि मूत्रपिंड निकामी झाले की ती अशी आतच साचते. विषाचा उलगडा पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून २००४ साली झाला. ते विष होते डायक्लोफेनॅक. जनावराचे दुखणे कमी व्हावे म्हणून ते टोचले जाई. जनावर वाचले नाही तर ते मांसात राही, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाच्या मूत्रपिंडाला ते जराही सोसत नसे. हिशेबाने असे निघाले की शंभर मढ्यांत एखाद्यातही हे औषध असले तरी एवढा ऱ्हास व्हायला पुरे.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या, कारण त्या गोठ्यात पोचत होत्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांचाही जनावरांसाठी वापर बंद झाला. ॲसिक्लोफेनॅकचे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सोसते असे तपासून पाहिले आहे, आणि ते जनावरालाही गुण देते. तेव्हा पशुवैद्याला विचारा, "डॉक्टरसाहेब, मेलॉक्सिकॅम चालेल का?" आणि माणसाच्या दुकानातली डायक्लोफेनॅकची कुपी गोठ्यात नेऊ नका. एवढे प्रत्येकाने केले तरी सह्याद्रीच्या कड्यांवर उरलेल्या गिधाडांना आधार होईल.

मित्रहो, या सगळ्याचे तात्पर्य असे. दुखणे हाही एक निरोप आहे, आणि तो आपल्याच पेशींच्या पदरातून निघतो. तो असह्य झाला तर जरूर थांबवावा, औषधे त्यासाठीच आहेत. पण तो पाठवणारी यंत्रणा जठर राखते, मूत्रपिंड जपते, रक्त थांबवते, वासराला आणि बाळाला जगात आणते. म्हणून गोळी हातात घेतली की स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही कशासाठी? किती दिवस? आणि ती आणखी काय थांबवील? उत्तर येत नसेल तर डॉक्टरांना विचारा. आणि शिक्षकांनी हे तीन प्रश्न फळ्यावर लिहून मुलांकरवी घरोघर पोचवावेत.